खासगी रेल्वे कंपनीचा इतिहास कसा अभ्यासावा आणि कसा लिहावा: जीआयपी रेल्वेच्या आधारे एक मार्गदर्शन

रेल्वेमार्गाचा इतिहास आणि रेल्वे कंपनीचा इतिहास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि अभ्यासाला बसण्यापूर्वी त्यांतला फरक मनाशी पक्का करून घेणे हे या कामातले पहिले पाऊल आहे. मार्गाच्या इतिहासात रूळ, पूल, बोगदे, इंजिने आणि स्थानके येतात. कंपनीच्या इतिहासात कायदा, करार, भांडवल, भागधारक, व्याजाची हमी आणि लंडनमध्ये बसणारे संचालक मंडळ येते. बोरीबंदर ते ठाणे या पहिल्या गाडीविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. ती गाडी चालवणारी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे (जीआयपी) ही कंपनी नेमकी कोणाची होती, तिला पैसा कोठून मिळत होता आणि तोटा झाला तर तो कोण भरत होते, याविषयी मात्र फार थोडे सांगितले जाते. ही उणीव भरून काढण्याची इच्छा असणाऱ्या हौशी अभ्यासकांसाठी, विद्यार्थ्यांसाठी आणि आपल्या गावच्या स्थानकाचा इतिहास लिहू पाहणाऱ्यांसाठी हा लेख आहे. उदाहरण जीआयपीचे घेतले आहे, कारण तिचा मार्ग आपल्या परिसरातून जातो आणि तिचे कागदही बऱ्याच अंशी आपल्या आवाक्यात आहेत.

आधी कंपनीचे आयुष्य आखून घ्यावे

एका मोठ्या कागदावर कंपनीचा जन्म, तिच्या स्वरूपातले बदल आणि तिचा शेवट यांच्या तारखा प्रथम मांडाव्यात. जीआयपीची स्थापना १ ऑगस्ट १८४९ रोजी ब्रिटिश संसदेच्या कायद्याने झाली. त्याच महिन्यात, १७ ऑगस्टला, तिचा ईस्ट इंडिया कंपनीशी करार झाला. मुंबईपासून कल्याणच्या दिशेने सुमारे ३५ मैलांचा प्रायोगिक मार्ग बांधून चालवणे हा त्या कराराचा विषय होता आणि त्यासाठी आरंभीचे भांडवल पाच लाख पौंड ठरले होते. १८५८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार संपला आणि करारातील दुसरा पक्ष म्हणून तिच्या जागी ब्रिटिश सरकार आले. १९०० मध्ये सरकारने हा मार्ग विकत घेतला, इंडियन मिडलंड रेल्वे त्याला जोडली आणि एकत्रित मार्ग चालवण्याचे काम पुन्हा त्याच कंपनीकडे सोपवले. १ जुलै १९२५ रोजी तेही काम सरकारने स्वतःकडे घेतले. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य रेल्वे स्थापन झाली आणि जीआयपी हे नाव कारभारातून गेले.

ही आखणी केल्यावर एक महत्त्वाची गोष्ट लगेच दिसते. १९०० पूर्वीची जीआयपी हा मार्ग बांधणारी, धारण करणारी आणि चालवणारी खासगी कंपनी होती. १९०० ते १९२५ या काळात ती सरकारी मालमत्तेची केवळ चालक होती, आणि १९२५ नंतर कंपनी बाजूला झाली तरी नाव तसेच राहिले. त्यामुळे आजोबा १९४० साली ‘जीआयपी कंपनीत’ नोकरीला होते, असे घरात सांगितले जात असेल, तर ती नोकरी प्रत्यक्षात सरकारी रेल्वेतील होती. लोकांच्या बोलण्यात ‘कंपनी’ हा शब्द टिकून राहिला. त्या टिकून राहण्यालाही इतिहासात स्थान आहे, पण लेखकाने त्या शब्दावर विसंबून काळाची गल्लत करू नये.

दुसरी आखणी मार्गाच्या टप्प्यांची करावी. ठाण्यापर्यंत १६ एप्रिल १८५३, कल्याणपर्यंत १ मे १८५४, खोपोलीपर्यंत १२ मे १८५६, घाटाच्या वर खंडाळा ते पुणे १४ जून १८५८, सोलापूरपर्यंत १८६०, भोर घाट १८६३, थळ घाट चढून इगतपुरीपर्यंत १ जानेवारी १८६५, नागपूर १८६७, जबलपूरला ईस्ट इंडियन रेल्वेशी सांधा १८७०, आणि रायचूरला मद्रास रेल्वेशी सांधा १८७१. प्रत्येक टप्प्याच्या पुढे तीन रकाने ठेवावेत: चाचणी, औपचारिक उद्घाटन आणि सार्वजनिक वाहतुकीचा आरंभ. भोर घाटाच्या मार्गाचे उद्घाटन गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते २१ एप्रिल १८६३ रोजी झाले आणि तो लोकांसाठी १४ मे रोजी खुला झाला. दोन लेखांत दोन तारखा दिसल्या की एक चुकीची असेल, असे घाईने ठरवू नये, कारण पुष्कळदा दोन्ही बरोबर असतात आणि त्या वेगळ्या प्रसंगांच्या असतात.

‘पहिला’ या शब्दाबाबतही हीच सावधगिरी हवी. १६ एप्रिल १८५३ हा भारतातील सार्वजनिक प्रवासी रेल्वेचा पहिला दिवस आहे. बांधकामासाठी वाफेचे इंजिन त्याआधी मुंबईत आणि रुडकीजवळ कालव्याच्या कामावरही चालले होते. त्यामुळे कशातला पहिला, हे वाक्यातच स्पष्ट लिहावे.

करार वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये

माझ्या मते या सगळ्या अभ्यासाचा गाभा करारात आहे. बहुतेक लेखक तो टाळतात, कारण तो कंटाळवाणा वाटतो. करारात कोणी काय द्यायचे आणि कोणाला काय मिळायचे हे चार-पाच कलमांत सांगितलेले असते, आणि पुढच्या पन्नास वर्षांच्या घटनांचे कारण त्या कलमांत सापडते. वाचताना पुढील गोष्टी शोधाव्यात आणि प्रत्येक कलम आपल्या शब्दांत, साध्या मराठीत लिहून काढावे. ते मराठीत उतरत नसेल, तर ते आपल्याला कळलेले नाही असे समजावे.

पहिली गोष्ट व्याजाची हमी. गुंतवलेल्या भांडवलावर वर्षाला ५ टक्के व्याज भागधारकांना मिळेल याची हमी सरकारने घेतली होती. गाड्यांचे उत्पन्न कमी पडले तर उरलेली रक्कम हिंदुस्थानच्या महसुलातून दिली जाई. दुसरी गोष्ट जमीन. ती सरकारने ९९ वर्षांसाठी विनामूल्य द्यायची होती. तिसरी गोष्ट नियंत्रण. मार्ग कोठून न्यावा, खर्च किती करावा आणि दर किती असावेत यांवर सरकारचा सल्लागार अभियंता देखरेख ठेवत असे, म्हणून कंपनीचे अभियंते आणि सरकारी अभियंते यांच्यातील पत्रव्यवहार प्रचंड आहे. चौथी गोष्ट खरेदीचा हक्क. २५ किंवा ५० वर्षांनी मार्ग विकत घेण्याचा पर्याय सरकारकडे राखून ठेवला होता. पाचवी गोष्ट विनिमयाचा दर. करारात एक रुपया म्हणजे १ शिलिंग १० पेन्स असा दर बांधून दिला होता.

या हमीचा परिणाम ध्यानात घ्यावा. कंपनी खासगी होती, तिचा नफा खासगी होता, पण तोट्याची जोखीम शेतसारा भरणाऱ्या रयतेवर होती. लंडनमध्ये कंपनीचे भाग विकत घेणाऱ्याला घाट कोठे आहे, गाड्या भरून जातात की रिकाम्या, हे ठाऊक असण्याची गरज नव्हती, कारण त्याचे ५ टक्के निश्चित होते. खर्चात काटकसर करण्याचे कारण त्यामुळे उरले नाही. ही टीका आजची नाही. दादाभाई नौरोजी आणि गणेश व्यंकटेश जोशी यांनी एकोणिसाव्या शतकातच रेल्वेच्या आर्थिक भाराविषयी आकडेवारीनिशी लिहिले होते. जीआयपीचा इतिहास लिहिणाऱ्याने त्यांचे म्हणणे आणि कंपनीच्या समर्थकांचे म्हणणे ही दोन्ही वाचावीत. समर्थकांचा युक्तिवाद असा होता की हमीवाचून एवढे भांडवल अनोळखी देशात आलेच नसते.

मूळ करारानंतर झालेल्या दुरुस्त्याही शोधाव्यात. त्यांतील सर्वांत मोठी १८७० च्या सुमाराची आहे. १८७४ मध्ये मार्ग विकत घेण्याचा पहिला हक्क सरकारला मिळणार होता, तो या दुरुस्तीने सोडून दिला गेला. हमीपोटी आधी दिलेल्या रकमांची थकबाकीही सरकारने सोडली, आणि त्या बदल्यात ५ टक्क्यांवरील नफ्याचा अर्धा वाटा सरकारला मिळू लागला. या दुरुस्तीने एक फूटही रूळ टाकला गेला नाही, पण कंपनीचे आयुष्य पंचवीस वर्षांनी वाढले. रेल्वेच्या इतिहासाच्या लोकप्रिय काळपटांत ही घटना सहसा नसते. आपल्या काळपटात ती ठळक अक्षरांत असावी.

हिशेब कसा वाचावा

जीआयपीचे हिशेब सहामाही असत. एक सहामाही ३० जूनला संपे आणि दुसरी ३१ डिसेंबरला. प्रत्येक सहामाहीनंतर लंडनमध्ये भागधारकांची सभा होई आणि तिच्यापुढे अहवाल ठेवला जाई. हिशेब पाहताना भांडवली खाते आणि महसुली खाते वेगळे ठेवावे. नवा पूल बांधण्याचा खर्च भांडवली खात्यात जातो आणि पुढे कायम व्याज मागतो, तर जुन्या पुलाच्या डागडुजीचा खर्च त्या सहामाहीच्या उत्पन्नातून वजा होतो. मोठी दुरुस्ती कोणत्या खात्यात टाकली आहे हे पाहिले, तर कंपनी आणि सरकार यांच्यातील अनेक वादांचे मूळ उलगडते.

सहामाही हिशेबाचा एक विलक्षण परिणाम आहे. तो समजावा म्हणून केवळ मांडणीसाठी कल्पित आकडे घेऊ. समजा, भांडवल दोन कोटी रुपये आहे. ५ टक्क्यांप्रमाणे वर्षाचे व्याज दहा लाख, म्हणजे सहामाहीचे पाच लाख. जानेवारी ते जून या काळात कापसाची वाहतूक जोरात असते, म्हणून निव्वळ उत्पन्न आठ लाख झाले. पाच लाख व्याजात गेले, उरलेल्या तीन लाखांपैकी दीड लाख भागधारकांना आणि दीड लाख सरकारला मिळाले. पुढच्या सहामाहीत पावसाळ्यामुळे वाहतूक मंदावली आणि उत्पन्न दोनच लाख झाले. आता तीन लाखांची तूट सरकारने भरली. वर्षाचे एकूण उत्पन्न दहा लाख, म्हणजे हमीइतकेच आहे. वर्षाचा हिशेब एकत्र केला असता तर कोणी कोणाचे काही देणे लागले नसते. सहामाही हिशेबामुळे मात्र सरकारला दीड लाख मिळून तीन लाख द्यावे लागले, आणि भागधारकांना हमीच्या वर दीड लाख मिळाले. हमीच्या कंपन्यांच्या करारांवर पुढे जी टीका झाली, तिच्यात हा मुद्दा प्रमुख होता. म्हणूनच जीआयपीचे वार्षिक आकडे उतरवून घेणे पुरेसे नाही. दोन्ही सहामाह्या वेगळ्या उतरवाव्यात आणि त्यांच्याशेजारी वऱ्हाड-खानदेशातील कापसाचा हंगाम मांडावा.

विनिमयाच्या दराचेही असेच आहे. १ शिलिंग १० पेन्स म्हणजे २२ पेन्स आणि पौंडात २४० पेन्स, म्हणून कराराच्या दराने एक पौंड सुमारे १० रुपये ९१ पैशांचा होतो. मात्र त्या काळी रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पै असत, म्हणून मूळ कागदांत हा आकडा दशांशात सापडणार नाही. पुढे चांदीचा भाव घसरला आणि शतकाच्या अखेरीस रुपया १ शिलिंग ४ पेन्सवर स्थिरावला, तेव्हा बाजारात एक पौंड पंधरा रुपयांना पडू लागला. कंपनीला मात्र कराराच्या जुन्या दराचा लाभ मिळत राहिला आणि फरकाचा बोजा हिंदुस्थानच्या तिजोरीवर पडला. त्यामुळे पौंडांतील रक्कम रुपयांत देताना कोणता दर वापरला, ते प्रत्येक ठिकाणी सांगावे. १९०० च्या खरेदीचे पैसेही एकरकमी न देता वार्षिकीच्या, म्हणजे दरवर्षीच्या ठरावीक हप्त्यांच्या, रूपाने देण्याचे ठरले, आणि तो भार विसाव्या शतकात दीर्घकाळ चालू राहिला.

कागद कोठे शोधावेत

कंपनीचे मुख्य कार्यालय लंडनमध्ये असल्याने तिचे आणि इंडिया ऑफिसचे (हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या तेथील सरकारी खात्याचे) कागद मुख्यतः लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. तेथे जाणे सर्वांना शक्य नाही, पण त्यामुळे अडून राहण्याचे कारण नाही. मुंबई सरकारचा रेल्वेविषयक पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारात, काळाघोडा येथील एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत पाहता येतो. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात केंद्र सरकारची बाजू सापडते आणि त्यांच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरबसल्या सूची शोधता येते. ब्रिटिश संसदेपुढे दरवर्षी ठेवले जाणारे हिंदुस्थानातील रेल्वेचे अहवाल छापील असून त्यांच्या प्रती जुन्या ग्रंथालयांत आणि आंतरजालावर मिळतात. त्यांतील आरंभीच्या अनेक वर्षांचे अहवाल जूलंड डॅनव्हर्स यांनी तयार केलेले आहेत. सुरुवात या छापील अहवालांनी करावी, कारण त्यांतून फाइलचा विषय, वर्ष आणि संबंधित अधिकाऱ्याचे नाव कळते. ती माहिती हाती घेऊन पुराभिलेखागारात गेले, तर तेथील कर्मचाऱ्यांनाही मदत करणे सोपे जाते. मी पहिल्यांदा नुसता ‘रेल्वेचे कागद हवेत’ असे म्हणत गेलो होतो आणि तीन दिवस सूच्या चाळण्यातच गेले.

वर्तमानपत्रांकडे मराठी अभ्यासकाने विशेष लक्ष द्यावे, कारण येथे आपल्याला इतरांपेक्षा अधिक दिसू शकते. ‘ज्ञानोदय’ १८४२ पासून आणि ‘ज्ञानप्रकाश’ १८४९ पासून निघत होते, म्हणजे जीआयपीचा मार्ग घाट चढून पुण्याला आला तो सगळा काळ त्यांच्या डोळ्यांसमोरचा आहे. इंग्रजी वर्तमानपत्रांत संचालकांची भाषणे सापडतील. भाडे किती पडते, तिसऱ्या वर्गात काय हाल होतात, गाडीत शिवाशिवीचे काय होते आणि मालाला कोठे ओल लागते, हे मराठी पत्रांतील वाचकांच्या तक्रारींत शोधावे. गोविंद नारायण माडगांवकर यांचे १८६३ साली प्रसिद्ध झालेले ‘मुंबईचे वर्णन’ त्याच काळातील मराठी डोळ्यांनी पाहिलेले शहर दाखवते, आणि तेही जवळ ठेवण्यासारखे आहे.

इंग्रजी कागदांत शोधताना गावांच्या जुन्या वर्तनीची यादी आधीच करून ठेवावी. कल्याण हे ‘सी’ने सुरू होऊन दोन ‘एल’ने लिहिलेले असते, कुर्ला ‘सी’ने आणि दोन ‘ओ’ने, इगतपुरी ‘ई’ने, आणि खोपोलीचे तर ‘कँपूली’ झालेले असते. आजच्या वर्तनीने शोध घेऊन काही सापडले नाही, म्हणून कागद नाही असा निष्कर्ष काढणारे अनेक जण मी पाहिले आहेत. अंतराच्या मोजमापांचीही तयारी हवी. एका मैलाच्या ८० साखळ्या आणि एका साखळीचे २२ यार्ड, म्हणजे सुमारे २०.१२ मीटर. भोर घाटाच्या चढाची लांबी १५ मैल ६८ साखळ्या दिलेली असते, ती सुमारे साडेपंचवीस किलोमीटर होते.

भोर घाट: एकाच प्रसंगाकडे अनेक कागदांतून पाहणे

कंपनीच्या इतिहासातील एखादा प्रसंग निवडून त्याच्याकडे सर्व बाजूंनी पाहण्याचा सराव करावा. त्यासाठी भोर घाटासारखे दुसरे प्रकरण नाही. आरंभी कंपनीची नजर माळशेज घाटावर होती. मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कली यांनी पाहणी केल्यावर तो बेत मागे पडला आणि पुण्याकडे भोर घाट व नाशिककडे थळ घाट असे दोन मार्ग ठरले. भोर घाटात १,८३१ फूट चढायचे होते. सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांना एक फूट होता, आणि मार्गावर २५ बोगदे व ८ मोठे कमानी पूल बांधावे लागले. वाटेत एके ठिकाणी गाडी थांबवून इंजिन दुसऱ्या टोकाला लावावे लागे आणि गाडी उलट दिशेने पुढचा चढ चढे. १९२९ मध्ये विजेच्या गाड्यांसाठी नवा मार्ग झाला तेव्हा ही व्यवस्था बंद झाली.

हे सगळे अभियंत्यांच्या कागदांत मिळते. ठेकेदारांच्या कागदांत वेगळी कथा आहे. पहिला ठेका विल्यम फॅव्हिएल यांच्याकडे होता. जानेवारी १८५९ मध्ये मजुरी थकल्यावरून मजुरांचा मोठा उद्रेक झाला, आणि त्याच वर्षी फॅव्हिएल यांनी काम सोडले. मग सॉलोमन ट्रेडवेल आले, पण हिंदुस्थानात पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत त्यांचे निधन झाले. त्यांची पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिने ठेका आपल्याकडे घेतला, ॲडमसन आणि क्लाउझर या अभियंत्यांच्या हाती प्रत्यक्ष काम दिले आणि ते तडीस नेले. १८६१ च्या आरंभी या कामावर ४२ हजारांहून अधिक माणसे होती. बर्कली यांना पुरा झालेला घाट पाहायला मिळाला नाही, कारण ते १८६२ मध्ये इंग्लंडमध्ये वारले.

आता आपला प्रश्न असा ठेवावा की त्या ४२ हजारांची माहिती कोणत्या कागदात मिळेल. कंपनीच्या अहवालात ती मिळणार नाही, कारण मजूर कंपनीचे नव्हते. ते ठेकेदाराचे होते, आणि ठेकेदाराखालच्या मुकादमाचे होते. म्हणून सरकारी बाजूला वळावे. उद्रेकाची चौकशी, जिल्हाधिकाऱ्यांची पत्रे, पटकीच्या साथीविषयीचे वैद्यकीय अहवाल आणि १८६० च्या मालक-कामगार तंट्यांविषयीच्या कायद्यामागची टिपणे येथे मजुरांचा माग लागतो. तो कायदा रेल्वे आणि कालव्यांसारख्या कामांवरील मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटने सोडवावेत यासाठी होता. घाटात किती माणसे मेली याचे गोल आकडे सर्वत्र फिरत असतात. असा आकडा घेताना तो प्रथम कोणी, कोणत्या वर्षी आणि कशावरून दिला, हे पाहावे. हे कळले नाही तर आकडा सोडून द्यावा आणि ज्या वर्षाचा, ज्या छावणीचा अहवाल प्रत्यक्ष वाचला आहे त्यातीलच संख्या द्यावी. मृत माणसांविषयी लिहिताना अंदाजाला खऱ्याचे रूप देणे हा त्यांच्यावर दुसऱ्यांदा अन्याय आहे, असे मला मनापासून वाटते.

घाट सुरू झाल्यावर चार वर्षांनी, जुलै १८६७ मध्ये, त्यातील एक मोठा कमानी पूल कोसळला. कागदांत त्याचे नाव ‘म्हौ की मल्ली’ असे इंग्रजी कानांनी ऐकलेले दिसते. या घटनेनंतर जीआयपीच्या दगडी बांधकामाची तपासणी झाली आणि चुना, दगड, देखरेख यांबाबत दोषारोप झाले. अशा वेळी कंपनीचा अहवाल आणि सरकारी सल्लागार अभियंत्याचा अहवाल शेजारी ठेवून वाचावेत. एकाच पुलाविषयी दोघे काय सांगतात, कोणती गोष्ट एक जण सांगतो आणि दुसरा गाळतो, आणि पुनर्बांधणीचा खर्च कोणत्या खात्यात टाकायचा म्हणतात, हे तीन रकान्यांत लिहावे. करार आधी वाचलेला असेल, तर या भांडणाचे मर्म पहिल्याच वाचनात लक्षात येते.

मुंबईतील माणसे आणि लंडनमधील माणसे

कंपनीची कल्पना पुढे रेटणारे जॉन चॅपमन इंग्लंडचे होते, आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना हिंदुस्थानचा कापूस हवा होता, ही या उपक्रमामागील एक शक्ती. मुंबईत जगन्नाथ शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभाई यांनी १८४५ पासून रेल्वेसाठी संघटितपणे प्रयत्न केले, ही दुसरी. नाना शंकरशेटांविषयी आपल्याला अभिमान आहे आणि तो रास्त आहे, परंतु इतिहास लिहिताना त्यांचे काम नेमके कोणत्या कागदात दिसते ते दाखवावे, म्हणजे तो अभिमान नुसत्या गौरवाच्या विशेषणांवर उभा राहत नाही. मुंबईतील समितीत बसणे आणि लंडनच्या मंडळात निर्णय घेणे यांत अधिकाराचा जो फरक होता, तोही लपवू नये. जमशेटजी दोराबजी या पारशी ठेकेदाराने जीआयपीची अनेक कामे घेतली आणि नीट पार पाडली. त्यांच्यासारख्यांचा माग ठेक्यांच्या यादीतून काढता येतो आणि तो काढणारे अजून फार नाहीत.

कामगारांच्या इतिहासासाठी घराघरांतील कागद महत्त्वाचे आहेत. इगतपुरी, भुसावळ, लोणावळा, मनमाड, परळ आणि माटुंगा येथील जुन्या रेल्वे कुटुंबांकडे सेवापुस्तके, पास, भविष्यनिर्वाह निधीच्या पावत्या आणि छायाचित्रे असतात. १९३० च्या फेब्रुवारीतील जीआयपीच्या संपाच्या आठवणी काही घरांत पिढीजात सांगितल्या जातात. असे कागद पाहताना मूळ प्रत घरीच ठेवण्याचा आग्रह धरावा, आपण छायाचित्र घ्यावे, आणि नाव छापण्यापूर्वी कुटुंबाची लेखी संमती घ्यावी. सांगितलेली आठवण आणि कागदावरची नोंद यांत अंतर पडले, तर दोन्ही लिहावीत आणि कोणती कोठून आली ते सांगावे.

जमिनीवर काय पाहावे

कागद वाचून झाले की मार्गावर जावे. रुळांवरून चालणे धोक्याचे तर आहेच, पण तो कायद्याने गुन्हाही आहे, म्हणून पाहणी स्थानके, पादचारी पूल, रस्ते आणि घाटातील सार्वजनिक वाटा यांवरूनच करावी. काही ठिकाणी जीआयपीची आद्याक्षरे कोरलेले हद्दीचे दगड अजून दिसतात. जुन्या स्थानकांतील ओतीव लोखंडाच्या खांबांवर निर्मात्याची खूण असते. मुंब्र्याजवळ पारसिकचा लांब बोगदा आहे, तो १९१६ चा आहे. १८५४ मध्ये कल्याणला गेलेली गाडी त्यातून गेली नव्हती, आणि हा घोटाळा छापील मजकुरातही आढळतो. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी रचलेले व्हिक्टोरिया टर्मिनस, आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, १८७८ ते १८८८ या काळात बांधले गेले, म्हणजे पहिल्या गाडीच्या वेळी ते अस्तित्वातच नव्हते. जी वास्तू पाहतो आहोत ती हमीच्या खासगी कंपनीच्या काळातील आहे, चालक कंपनीच्या काळातील आहे की १९२५ नंतरच्या सरकारी काळातील, हे प्रत्येक छायाचित्राखाली लिहावे.

पहिले लेखन कशाने करावे

संपूर्ण जीआयपीवर एकदम लिहायला घेऊ नये. एक लहान तुकडा घ्यावा, आणि माझी सूचना पळसदरी ते खोपोली हा फाटा घेण्याची आहे. १८५६ मध्ये खोपोली हे घाटाखालचे शेवटचे स्थानक झाले. १८५८ ते १८६३ अशी पाच वर्षे पुण्याला जाणारा उतारू येथे उतरून पालखीने, तट्टावरून किंवा गाडीने खंडाळ्याला चढत असे आणि तेथे पुन्हा रेल्वेत बसत असे. घाटाचा मार्ग झाल्यावर मुख्य वाहतूक खोपोलीला टाळून वर गेली आणि हे स्थानक फाट्याचे टोक बनले. एवढ्याशा विषयात करार आहे, टप्प्यांच्या तारखा आहेत, घाटाचा ठेका आहे, ‘कँपूली’ ही वर्तनी आहे आणि एका गावाचे नशीब आहे. १८५६ ते १८६४ या काळातील प्रत्येक सहामाहीचा अहवाल घेऊन त्यात खोपोलीचा उल्लेख येतो का ते पाहावे. त्या सहामाह्यांतील ‘ज्ञानप्रकाश’चे उपलब्ध अंक चाळावेत, आणि मग कर्जतहून खोपोलीची लोकल पकडून डाव्या-उजव्या हाताला डोंगराचा पायथा पाहत शेवटपर्यंत जावे. कर्जत सोडल्यावर पळसदरीला घाटाचा मुख्य मार्ग आणि हा जुना मार्ग वेगळे होतात, ती जागा वहीत नोंदवून ठेवावी आणि पहिल्या प्रकरणाची सुरुवात तेथून करावी.